घेवड्यातलं लोह रक्तापर्यंत कसं पोचतं

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला (राजम्यासारखं कडधान्य) २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. माण-खटावच्या ज्वारीची भाकरी आणि या घेवड्याचं कोरड्यास ही जोडी पोषणातही पक्की आहे. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी, घेवड्यात भरपूर; घेवड्यात मेथिओनिन कमी, ते ज्वारी भरून काढते. २०० ग्रॅम पिठाच्या तीन भाकऱ्या आणि ५० ग्रॅम कोरडा घेवडा यांतून सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं मिळतात. ५५ किलो वजनाच्या बाईला दिवसाला लागतात ४६.

लोहाचं गणित मात्र बिघडतं. त्याच जेवणात साधारण ११ मिलिग्रॅम लोह असतं; बाईची दिवसाची गरज २९. ही गरज एवढी मोठी, कारण आपल्या आहारातलं जेमतेम ८ टक्के लोह शरीर शोषतं. धान्य-कडधान्यांतली फायटेट्स त्याला आतड्यात बांधून ठेवतात. वर जेवण उरकताच चहा झाला, की त्यातली टॅनिन्स उरलंसुरलंही अडवतात. चहा जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर लांब ठेवावा. फक्त एवढी सवय बदलली तरी मोठा फरक पडतो, तोही बिनखर्चाचा.

घेवडा रात्रभर भिजवून ते पाणी फेकून द्यावं. फायटेट्स थोडी कमी होतात, पोटात वायू धरवणाऱ्या शर्कराही निघून जातात. मग ताज्या पाण्यात खळखळून उकळावा किंवा कुकरला मऊ शिजवावा. मंद आचेवर अर्धाकच्चा राहिलेला घेवडा उलट्या-जुलाब करतो. त्यातलं लेक्टिन हे विषारी प्रथिन कोमट उष्णतेनं मरत नाही. मटकी-हुलग्याला मोड आणले, ज्वारीची आंबील आंबवली, तरीही फायटेट्स घटतात.

लिंबू पिळायचं ते ताटात, उकळत्या भांड्यात नव्हे. क जीवनसत्त्व लोहाला शोषता येईल अशा रूपात आणतं, पण उष्णतेनं ते नष्ट होतं. जेवणासोबत पेरूच्या दोन फोडी असतील तर लिंबापेक्षाही सरस.

ब१२ मात्र भाकरीत नाही, घेवड्यातही नाही. त्यासाठी दूध, ताक, अंडी किंवा मटण-मासे हवेतच.

बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं असेल तर नुसत्या आहारावर थांबू नये, डॉक्टरांकडून गोळ्या घ्याव्यात. लोहाची गोळी चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नये. लिंबाच्या सरबताबरोबर चालते. त्या काळात शौचाला काळी होते, त्यानं घाबरून गोळ्या बंद करू नयेत.