हिरादो

जपानच्या नागासाकी प्रांतातील शहर व ऐतिहासिक बंदर. क्यूशू या जपानच्या मोठ्या बेटाच्या वायव्य किनाऱ्यालगतच्या हिरादो बेटावर ते वसले असून १९७७ पासून पुलाने क्यूशूशी जोडलेले आहे.

मध्ययुगापासून येथे मात्सुरा या सरदार घराण्याचा अंमल होता. सोळाव्या शतकाच्या मध्यास वांग झी या चिनी व्यापाऱ्याने, ज्याला चीनचा मिंग दरबार समुद्री चाचाच मानी, मात्सुरांच्या आश्रयाने येथे ठाणे मांडले. १५५० मध्ये पोर्तुगीज गलबत आले. आदल्या वर्षी गोव्याहून निघून जपानला पोहोचलेला धर्मोपदेशक फ्रान्सिस झेवियरही त्याच वर्षी येथे येऊन गेला. १५६१ मध्ये बाजारातील तंट्यातून, बहुधा कापडाच्या सौद्यावरून, पोर्तुगीज कप्तानासह अनेकजण मारले गेले. पोर्तुगीजांनी हळूहळू पाठ फिरवली आणि १५७१ पासून त्यांचा व्यापार नागासाकीस स्थिरावला.

डच ईस्ट इंडिया कंपनीने १६०९ मध्ये याक स्पेक्स याच्या हाताखाली येथे वखार घातली. चिनी कच्चे रेशीम आणावे आणि जपानी चांदी न्यावी, हा तिचा मुख्य व्यवहार. १६१३ मध्ये जॉन सारिसने इंग्रज वखार उघडली. मात्र विकाऊ मालाअभावी ती १६२३ मध्ये बंद झाली. इंग्रज सुकाणूवाला व शोगुनचा (जपानच्या लष्करी शासकाचा) सल्लागार विल्यम ॲडम्स १६२० मध्ये हिरादोतच वारला.

डच वखार का हलवली गेली, याविषयी मतभेद आहेत. १६३९ मध्ये बांधलेल्या दगडी कोठाराच्या दर्शनी भिंतीवर इसवी सनाचे वर्ष कोरलेले होते. ही ख्रिस्ती कालगणना आक्षेपार्ह ठरवून शोगुनचा अधिकारी इनोऊए मासाशिगे याने १६४० च्या अखेरीस इमारती पाडण्याचा हुकूम दिला आणि वखारप्रमुख फ्रान्स्वा कारों याने तो वाद न घालता तत्काळ मानला. जुन्या लेखनात हेच मुख्य कारण दिले जाते. तथापि १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकलल्याने नागासाकीच्या व्यापाऱ्यांचे उत्पन्न बुडाले होते आणि परदेशी व्यापार स्थानिक सरदाराच्या हातून काढून आपल्या थेट देखरेखीखाली आणावा, असे शोगुनशाहीचे धोरण होते. हे पाहता कोरलेले वर्ष हे निमित्त होते, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. १६४१ मध्ये डचांना नागासाकीच्या देजिमा या कृत्रिम बेटावर हलवण्यात आले आणि हिरादोचा परदेशी व्यापार संपुष्टात आला.

पुढील काळात शहर मात्सुरांची राजधानी म्हणून टिकले. मूळ जागी पुन्हा उभारलेले १६३९ चे कोठार २०११ पासून संग्रहालय म्हणून खुले आहे.