ऐरणकोट : पेटी उघडण्याआधी वाचून घ्या

ऐरणकोट हा तीन ते सहा जणांनी मिळून खेळायचा पटावरचा खेळ आहे. डोंगराच्या पोटात बुटक्यांचं शहर आहे. शहराला राजा नाही, कारभार सहा कारागीर श्रेणींच्या, म्हणजे एकेका धंद्यातल्या कारागिरांच्या संघटनांच्या, हातात आहे आणि या सहांचं आपसात पटत नाही. खेळायचे नियम वेगळ्या पुस्तिकेत आहेत. दुकानात आणि फोनवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरं या पत्रकात दिली आहेत.

पहिला प्रश्न ठरलेला असतो : यात लढाई कुठे आहे?

लढाई नाही. ना ड्रॅगन, ना सैन्य. पेटीवर घण आणि कुऱ्हाड दिसते म्हणून काही जणांचा हिरमोड होतो, ते आम्हाला ठाऊक आहे. पण बुटके मुळात लढवय्ये नव्हतेच. हिमगौरीच्या गोष्टीतले सात बुटकेसुद्धा रोज सकाळी डोंगरात खनिज खणायला जात. त्याहून जुन्या आइसलँडच्या कथांमध्ये तर देवांची नामांकित हत्यारं बुटक्यांनी घडवलेली आहेत, आणि त्यातलं एक तर पैजेपोटी. इवाल्डी नावाच्या बुटक्याच्या मुलांनी सोन्याचे केस, जहाज आणि भाला घडवला. ते पाहून लोकी या खोडकर देवाने ब्रोक्क नावाच्या बुटक्याशी पैज मारली की तुझ्या भावाला याच्या तोडीचं काही जमणार नाही. पैजेला लावलं ते स्वतःचं डोकं. भाऊ भट्टीपाशी आणि ब्रोक्क भात्यावर असं काम सुरू झालं, तेव्हा एक माशी ब्रोक्कला चावत राहिली. शेवटी ती पापणीवर चावली, डोळ्यात रक्त उतरलं, भाता क्षणभर थांबला आणि थोर नावाच्या देवाच्या हातोड्याचा दांडा आखूड राहिला. तरी देवांनी निकाल दिला तो हातोड्याच्याच बाजूने. आमचा खेळ याच भांडणातून निघाला. दोन भट्ट्या, एक पैज आणि मध्ये एक माशी. माशीचा पत्ता (खेळातलं कार्ड) पेटीत आहे. योग्य वेळी टाकलात तर समोरच्याचा अख्खा हंगाम वाया जातो.

सहा श्रेणी अशा : खाणकरी, लोहार, ओतारी, पाथरवट, सोनार आणि रहाटकरी. प्रत्येकीकडे एक सनद असते, म्हणजे एक काम फक्त तिनेच करायचं. सोनारांच्या छापेशिवाय कुठलाही धातू शहराबाहेर विकता येत नाही. या नियमाला इतिहासाचा आधार आहे : 1300 मध्ये इंग्लंडच्या राजाने चांदीच्या वस्तूंवर बिबट्याच्या मुखाची छाप सक्तीची केली आणि तपासणीचं काम लंडनच्या सोनारांकडेच दिलं. छाप ज्याच्या हातात, त्याला बाकीचे पाच शिव्या देतात, पण बोलावतातही आधी त्यालाच.

मग सनदांच्या सीमा. लोखंडी बिजागरी लोहाराची, पितळी ओताऱ्याची, इथपर्यंत ठीक. पण लोखंडी बिजागरीवर पितळी फूल बसवलं तर ती कोणाची? असे तंटे खेळात सारखे उपटतात आणि ते सभेतच सोडवावे लागतात. ज्यांना हे अतिशयोक्त वाटतं त्यांच्यासाठी सांगतो : मध्ययुगीन लंडनमध्ये नव्या चामड्याचे जोडे शिवणारे आणि जुने जोडे दुरुस्त करणारे यांच्या संघटना वेगळ्या होत्या, आणि कोणी कुठल्या चामड्याला हात लावायचा यावरून त्यांचे खटले अधिकाऱ्यांपर्यंत जात. सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून जो रंग चढतो, तोच इथे बिजागरीवरून चढतो.

श्रेणींच्या हाती शहर, ही कल्पना मात्र आमची नाही. झुरिचमध्ये 1336 मध्ये रुडॉल्फ ब्रुनने सत्ता हातात घेतली आणि नगरपरिषदेच्या निम्म्या जागा तेरा श्रेणींच्या प्रमुखांना दिल्या. फ्लॉरेन्समध्ये सात मोठ्या आणि चौदा छोट्या अशा एकवीस श्रेणी होत्या. तिथे श्रेणीत नाव असल्याशिवाय शहराचं पद मिळत नसे, म्हणून कवी दांतेनेही आपलं नाव वैद्य आणि औषधविक्यांच्या श्रेणीत घातलं होतं. खेळातला ‘नाव घाला’ हा पत्ता त्याच्याच आठवणीचा आहे.

आता पाणी. खेळ समजायचा असेल तर हे नीट वाचा, कारण पहिल्या डावात बहुतेक जण इथेच बुडतात. खाण जितकी खोल, तितकं आत पाणी. बोहेमियातल्या (आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या) कुटना होरा इथे चांदीच्या मागे लागून खाणकरी सुमारे 500 मीटर खोल गेले होते. तेही विजेचा पंप नसताना. हातांनी, घोड्यांनी, पाणचक्क्यांनी पाणी उपसायचं किंवा डोंगराच्या कुशीतून उतरता बोगदा खणून ते वाहून जाऊ द्यायचं. जर्मनीतल्या रामेल्सबर्ग या डोंगरातल्या खाणीच्या पोटात अशा उपशासाठी बसवलेली लाकडी चाकं आजही पाहता येतात. ती खाण हजारहून अधिक वर्षं चालली आणि 1988 मध्ये बंद झाली. अग्रिकोला या जर्मन विद्वानाच्या 1556 साली छापलेल्या खाणकामावरच्या ग्रंथात या यंत्रांची चित्रं आहेत. पटावरचे रहाट आम्ही ती समोर ठेवूनच काढले.

खेळात प्रत्येक फेरीला पाणी एक पायरी चढतं. रहाट फिरवायला रहाटकरी लागतात, रहाटाला लोखंडी कड्या लागतात त्या लोहाराकडून, चौथरा पाथरवटाचा, आणि लाकूड तर डोंगरात उगवतच नाही, ते बाहेरून छाप मारलेला माल विकूनच आणावं लागतं. म्हणजे ज्याला तुम्ही सभेत पाडायला बसलात, त्याच्याशिवाय तुमचा रहाट फिरत नाही. पाणी सभागृहाच्या पायरीला लागलं की सगळे हरले. तरीही दर डावात कोणीतरी शेजाऱ्याचा रहाट अडवून बसतोच.

विषारी धुराच्या पत्त्याबद्दलही बरेच जण विचारतात. जर्मनीतल्या सॅक्सनीच्या खाणींत चांदीसारखं दिसणारं एक खनिज सापडायचं. भट्टीत टाकलं की चांदी तर निघत नसेच, वर धुराने माणसं आजारी पडायची. खाणकरी म्हणत, हा डोंगरातल्या भुतांचा खोडसाळपणा. ते कोबाल्टचं खनिज होतं आणि धूर आर्सेनिकचा. खेळात हा पत्ता चांदीच्या गठ्ठ्यात मिसळलेला असतो, पाठ हुबेहूब तशीच.

सातवी सोंगटी करड्या रंगाची आहे आणि ती कोणाचीच नाही. “चुकून जास्तीची आली का?” असं विचारलं जातं. नाही, ते हमाल आहेत. खनिज वाहणारे, कोळसा ओढणारे, रहाटाखाली चिखल काढणारे. त्यांना श्रेणी नाही, सभेत जागा नाही, आणि सहाही श्रेणींचं काम त्यांच्याशिवाय अडतं. मजुरी कापली की करडी सोंगटी पुढे सरकते. शेवटच्या घरात पोचली की हमाल सभागृहात शिरतात आणि सातवी जागा मागतात. ती जागा द्यायची की नाही, यावर मतदान होतं. दिली तर जुन्या सहांचं वजन घटतं, नाही दिली तर रहाट थांबतात.

1378 च्या जुलैमध्ये फ्लॉरेन्समध्ये हेच घडलं. लोकर विंचरणारे मजूर, ज्यांना तिथे चोंपी म्हणत, लोकरीच्या श्रेणीच्या हुकमतीखाली राबत, पण त्यांना त्या श्रेणीत घेतलं जात नसे. त्यांनी नगरसभेचा वाडा ताब्यात घेतला आणि मिकेले दी लांदो हा त्यांच्यातलाच माणूस शहराचा प्रमुख झाला. तीन नव्या श्रेणी स्थापन झाल्या. काही आठवड्यांतच चोंपींची श्रेणी मोडली गेली, उरलेल्या दोन 1382 पर्यंत टिकल्या. आमच्या मते खेळाचा खरा कस या मतदानात लागतो. पहिल्या डावात हमालांचा नियम वगळा असं पुस्तिकेत लिहिलं आहे, पण मंडळी मोठी असतील तर वगळू नका.

श्रेणीकडे पैसे ठेवून व्याज घ्यायचा नियम मुलांना नवलाचा वाटतो. कारागिरांकडे कशाला कोणी पैसे ठेवेल? त्यासाठी युरोपात जायला नको. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या लेण्यातला इ.स. दुसऱ्या शतकातला लेख आहे. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकजवळच्या गोवर्धनच्या विणकरांकडे 3000 कार्षापण (त्या काळची नाणी) ठेवले : 2000 एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक दराने, 1000 दुसरीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या भिक्षूंच्या वस्त्रांचा वगैरे खर्च चालवायचा. खेळातले दोन व्याजदर तिथलेच आहेत.

थोडं व्यवहाराचं. वय दहा वर्षांपुढे. त्याहून लहान मुलांना मतदानाचा कंटाळा येतो. एक डाव साधारण दोन तासांचा. तिघांत खेळताना प्रत्येकाने दोन श्रेणी घ्याव्यात. सोंगट्यांचे रंग ओळखायला अडचण असेल तर काळजी नको, प्रत्येक श्रेणीचा आकारही वेगळा ठेवला आहे. उमेदवार, कारागीर, वस्ताद या तीन पायऱ्यांसाठी सोंगटीवर एक, दोन, तीन खाचा आहेत, त्या बोटांनाही कळतात.

पत्ता हरवला, सोंगटी तुटली तर पेटीच्या तळाशी दिलेल्या क्रमांकावर पत्त्याचं नाव कळवा, सुटा भाग टपालाने पाठवतो. फक्त टपालखर्च द्यावा लागेल. माशीचा पत्ता फार हरवतो, म्हणून प्रत्येक पेटीत तो एक जादा घातला आहे. पावसाळ्यात पट थोडा वाकतो. उन्हात वाळवू नका, रंग उडतो. रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवा.