फुप्फुसीय उच्च रक्तदाब : नित्य चाचण्यांवरून फलानुमान

फुप्फुसीय उच्च रक्तदाब जडलेल्या रुग्णाची पुढची वाटचाल कशी राहील, याचा अंदाज शरीरात नळी न घालता होणाऱ्या साध्या चाचण्यांवरून बांधण्याची पद्धत. धाप किती श्रमाने लागते याची विचारपूस, सहा मिनिटांची चाल, हृदयावरील ताण दाखवणारे रक्तातील बीएनपी किंवा एनटी-प्रोबीएनपी, टूडी एको, ईसीजी आणि नेहमीच्या रक्तचाचण्या यांचा तिच्यात समावेश होतो. निदान पक्के करण्यासाठी उजव्या हृदयाची कॅथेटर (आत नळी घालून केलेली) तपासणीच लागते. प्रस्तुत नोंद निदानानंतरच्या फलानुमानापुरती आहे.

व्याख्या : फुप्फुस-रोहिणीतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी २५ मिमी. पारा किंवा अधिक असल्यास तो विकार मानावा, ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७३ च्या जिनीव्हा बैठकीपासून रूढ झाली. २०१८ मध्ये नीस येथील जागतिक परिसंवादाने ती २० च्या वर अशी खाली आणली आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनी ती स्वीकारली. कारणांनुसार विकाराचे पाच गट करतात : रोहिण्यांचा मूळ विकार, डाव्या हृदयाचे विकार, फुप्फुसाचे विकार, जुन्या गुठळ्यांमुळे होणारा अवरोध आणि संकीर्ण कारणे. हातावर पट्टा बांधून मोजतात त्या ‘बीपी’शी या दाबाचा थेट संबंध नाही. एक वाढलेला असताना दुसरा अगदी नेमस्त असू शकतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील राष्ट्रीय नोंदवहीत १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात १९४ रुग्ण नोंदले गेले. तिचे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष या विषयाचा पाया मानले जातात. उपचार जवळपास नसलेल्या त्या काळात निदानानंतरचे मध्यक आयुर्मान २.८ वर्षे भरले. त्या नोंदवहीवरून बसवलेले समीकरण मात्र तीन कॅथेटरी मापांवर उभे होते : फुप्फुस-रोहिणीचा सरासरी दाब, उजव्या अलिंदातील (हृदयाच्या वरच्या कप्प्यातील) दाब आणि हृदय मिनिटाला किती रक्त ढकलते ते प्रमाण. यातूनच पुढची दिशा उघडली. रुग्णाचे भवितव्य खरोखर ठरते ते उजवे निलय, म्हणजे फुप्फुसाकडे रक्त ढकलणारा कप्पा, किती तग धरते यावर. निलय थकू लागले की ते पुरेसा जोर लावू शकत नाही आणि आजार बळावत असतानाही रोहिणीतील दाबाचा आकडा उतरू शकतो. म्हणून नुसता दाब हे कच्चे गमक आहे. निलयाच्या ताकदीची खूण देणारी कोणतीही स्वस्त चाचणी त्याहून उपयोगी ठरू शकते, हा या पद्धतीमागील विचार आहे.

चालण्याची चाचणी : हिचे मूळ केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील १२ मिनिटांच्या धावण्याच्या चाचणीत शोधतात. फुप्फुसविकाराच्या रुग्णांसाठी ती आधी १२ मिनिटांच्या चालीत बदलली. १९८२ च्या सुमारास २, ६ आणि १२ मिनिटांच्या चालींची तुलना होऊन सहा मिनिटांची चाल पुढे आली. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २००२ मध्ये तिची रीत लिहून काढली : ३० मीटरचा सपाट, सरळ मार्ग, धावायचे नाही, दम लागल्यास थांबता येते, प्रोत्साहनाची वाक्येही ठरलेली. मार्ग आखूड असेल तर वळसे वाढतात आणि अंतर घटते. मुंबईत याचे महत्त्व फार आहे, कारण गजबजलेल्या बाह्यरुग्ण विभागात ३० मीटरचा मोकळा व्हरांडा मिळणे ही चैन असते. एका रुग्णालयातील ३६० मीटर आणि दुसऱ्यातील ३३० मीटर यांची तुलना मार्गाची लांबी जाणून घेतल्याशिवाय करू नये. दुसऱ्यांदा चालताना सवयीने अंतर थोडे वाढते. गुडघेदुखी, उंची, वय आणि लिंग यांचाही परिणाम होतो. पाश्चात्त्य रुग्णांवरून काढलेल्या मर्यादा ठेंगण्या बांध्याच्या स्त्रीला जशाच्या तशा लावणे म्हणूनच अडचणीचे ठरते.

जपानमधील एका अभ्यासाने २००० मध्ये दाखवले, की निदानाच्या वेळी ३३२ मीटरपेक्षा कमी चालणाऱ्यांचे आयुर्मान स्पष्टपणे कमी असते. चालीची जी कीर्ती झाली ती अशा अभ्यासांमुळे, आणि नंतरच्या औषध-चाचण्यांनी चालीतील वाढ हेच यशाचे माप ठरवले. येथे अभ्यासकांत मतभेद आहे. २०१२ मधील दोन एकत्रित विश्लेषणांनी या मापाला धक्का दिला. एका विश्लेषणात चालीतील बदलाचा मृत्यू किंवा रुग्णालयात दाखल होणे यांसारख्या घटनांशी संबंध आढळला नाही. दुसऱ्यात औषधांच्या परिणामाचा केवळ सुमारे २२ टक्के भाग चालीतील वाढीने स्पष्ट झाला आणि घटना टळण्याशी जुळणारी वाढ सुमारे ४२ मीटर निघाली. रुग्णाला स्वतःला जाणवेल इतका फरक मात्र ३३ मीटरच्या आसपास असतो, असे त्याच वर्षीचा आणखी एक अभ्यास सांगतो. हे सारे जुळवून पाहता रुग्ण आज कुठवर चालतो हा आकडा ‘किती वाढला’ या आकड्यापेक्षा अधिक भरवशाचा दिसतो. प्रचलित श्रेणी-पद्धतीही तेच गृहीत धरतात.

चाल संपल्यावर पहिल्या मिनिटात नाडी किती उतरते हेही पाहावे. ज्यांची नाडी १६ ठोक्यांहून कमी उतरते त्यांची प्रकृती लवकर ढासळते, असे मूळ रोहिणीविकाराच्या रुग्णांत आढळले आहे. या मोजणीला घड्याळाखेरीज काही लागत नाही.

रक्तचाचण्या : बीएनपी हे संप्रेरक १९८८ मध्ये प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, ते मुख्यतः ताणलेल्या निलयाच्या भिंतीतून पाझरते. ते आणि त्याचा जोडीदार तुकडा एनटी-प्रोबीएनपी आज फलानुमानाचे मुख्य रासायनिक गमक आहेत. मूत्रपिंड मंदावले की एनटी-प्रोबीएनपी वाढतो, लठ्ठपणात तो कमी दिसतो, अलिंद कंपन पावत असेल तर पुन्हा वाढतो. मधुमेहाने मूत्रपिंडे शिणलेल्या रुग्णाचा आकडा वाचताना क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा घटक) शेजारी ठेवावे. बीएनपी परवडत नसेल तेथे जुन्या, स्वस्त तपासण्यांकडे वळता येते. यूरिक आम्ल, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन चढणे, सोडियम १३६ किंवा त्याखाली उतरणे, रक्तपेशींच्या आकारातील विषमता वाढणे ही सारी वाईट फलानुमानाशी जोडलेली आहेत. यामागील अभ्यास लहान आहेत. सोडियमचा मूळ अभ्यास अवघ्या ४० रुग्णांचा. तरीही महापालिकेच्या प्रयोगशाळेत या तपासण्या रोज होतात आणि त्यांचे कागद रुग्णाच्या फाइलमध्ये न वाचता पडून राहू नयेत.

टूडी एको : उजव्या अलिंद-निलयांमधील त्रिदली झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताच्या वेगावरून दाब काढतात : वेगाचा वर्ग गुणिले चार, अधिक अलिंदातील दाब. ही रीत १९८४ च्या सुमारास स्थिरावली. कॅथेटरशी ताडून पाहिल्यावर एका अभ्यासात ४८ टक्के वेळा एकोचा आकडा १० मिमी.हून अधिक चुकला. फलानुमानासाठी म्हणूनच एकोमधील इतर गोष्टी मोलाच्या आहेत. त्रिदली झडपेचे कडे आकुंचनात किती सरकते, म्हणजे टॅप्सी, हे त्यांपैकी पहिले; १८ मिमी.पेक्षा कमी सरकल्यास निलय दुबळे समजतात. उजव्या अलिंदाचे क्षेत्रफळ १८ चौ. सेंमी.पर्यंत असल्यास धोका कमी, २६ च्या वर गेल्यास जास्त. हृदयावरणात मध्यम किंवा जास्त पाणी दिसणे गंभीर. अलीकडे टॅप्सीला आकुंचनकालीन दाबाने भागतात. हे गुणोत्तर ०.३२ च्या वर चांगले, ०.१९ च्या खाली वाईट मानले जाते. निलयाची ताकद आणि त्याच्यापुढील भार एकाच आकड्यात येत असल्याने ही कल्पना या नोंदीच्या लेखकास सर्वांत पटते. मुंबईत छापून मिळणाऱ्या अहवालांत मात्र बहुधा दाबाचा आकडा ठळक असतो आणि टॅप्सीची ओळ रिकामी.

ईसीजी निदानात फसवा आहे, कारण तो निर्दोष असूनही विकार असू शकतो. दुसऱ्या लीडमधील ‘पी’ लहर २.५ मिमी. किंवा अधिक उंच असणे आणि उजव्या निलयावरील ताणाच्या खुणा यांना मात्र फलानुमानात स्थान आहे.

एकत्रित श्रेणी : एकट्या चाचणीवर विसंबू नये, याविषयी एकमत आहे. २००६ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या रिव्हील नोंदवहीवरून गुणपद्धती निघाली. २०२१ च्या तिच्या लघुरूपात कार्यवर्ग (धाप किती श्रमाने लागते यावरून पहिला ते चौथा), हातावर मोजलेला रक्तदाब, नाडी, चाल, बीएनपी आणि मूत्रपिंडाची स्थिती एवढेच सहा घटक आहेत. युरोपातील कॉम्पेरा नोंदवहीची २०२२ ची पद्धत त्याहून सुटसुटीत आहे. तिच्यात तीन घटकांना १ ते ४ गुण देऊन सरासरी काढतात. कार्यवर्ग पहिला-दुसरा असल्यास १, तिसरा ३, चौथा ४. चाल ४४० मीटरच्या वर १, ३२० ते ४४० असल्यास २, १६५ ते ३१९ असल्यास ३, त्याखाली ४. एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली १, ६४९ पर्यंत २, ११०० पर्यंत ३, त्यापुढे ४.

समजा, एखादी बाई दादरच्या रेल्वे पुलाच्या अर्ध्यावरच थांबते आणि घरातल्या थोड्याशा कामानेही तिला धाप लागते (तिसरा वर्ग), ३५० मीटर चालते आणि तिचा एनटी-प्रोबीएनपी ९०० आहे. गुण ३, २, ३, सरासरी २.६७, म्हणजे जवळच्या पूर्णांकाने श्रेणी ३. या श्रेणीत वर्षभरातील मृत्यूचा धोका सुमारे ९ ते १९ टक्के. उपचारांनंतर ती दुसऱ्या वर्गात आली, ४२० मीटर चालली आणि आकडा ५०० वर उतरला, तर गुण १, २, २; सरासरी १.६७, श्रेणी २ आणि धोका २ ते ७ टक्के. चालीचा गुण येथे बदललेला नाही, हे ध्यानात घ्यावे. युरोपीय सूत्रे निदानाच्या वेळी तीन श्रेणींची आणि नंतरच्या भेटींत या चार श्रेणींची पद्धत वापरायला सांगतात. फेरतपासणी साधारण ३ ते ६ महिन्यांनी करावी आणि ती शक्यतो त्याच प्रयोगशाळेत, त्याच व्हरांड्यात व्हावी.

मुंबईतील उपयोग आणि मर्यादा : वरील श्रेणी मुख्यतः पहिल्या गटातील प्रौढ पाश्चात्त्य रुग्णांवरून बसवलेल्या आहेत. परळचे केईएम (स्थापना १९२६), शीवचे लोकमान्य टिळक किंवा मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय यांच्याकडे शहराबरोबरच पालघर, रायगड आणि कोकणातून रुग्ण येतात. त्यांच्यात संधिवाती तापाने आकसलेली डाव्या हृदयातील द्विदली झडप, लहानपणी न बुजवलेले हृदयातील छिद्र आणि क्षयाने पोखरलेली फुप्फुसे ही कारणे डॉक्टरला नेहमी मनात ठेवावी लागतात. केरळमधील मोठ्या नोंदवहीतही निम्म्याहून अधिक रुग्ण डाव्या हृदयाच्या विकाराचे होते. झडप आकसलेली असताना भवितव्य झडपेवर अवलंबून असते. फुग्याने ती उघडल्यावर फुप्फुसातील दाब बराच उतरू शकतो. तेथे कॉम्पेराची श्रेणी मांडून रुग्णाला धास्ती घालणे चुकीचे आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयातून बरा होऊन गेलेल्या माणसाची चाल फुप्फुसाच्या हानीमुळेही तोकडी असू शकते. आयझेनमेंगर विकारात, म्हणजे जन्मजात छिद्रातून रक्त उलट वाहू लागल्यावर, रुग्ण निळसर असूनही अनेक वर्षे तगतात. त्यांच्यासाठी टॅप्सीची मर्यादा १५ मिमी.च्या आसपास सुचवली गेली आहे.

सहा-सात वर्षांखालील मुलांत चालण्याची चाचणी भरवशाने करता येत नाही. त्यांच्याबाबत वाढीचा आलेख, बीएनपी आणि एको यांवर भर देतात.