लाइफ जॅकेट आणि पीएफडी : दिसायला सारखं, काम वेगळं

पुतण्या जुलैत पुण्याहून इकडे कॅनडात येतोय आणि आम्ही दोघं युकॉन नदीतून व्हाइटहॉर्स ते डॉसन कयाकने (वल्ह्याने चालवायची लांबट, अरुंद होडी) जाणार आहोत, ७०० किलोमीटरच्या वर अंतर आहे आणि त्याचा अनुभव म्हणजे कोलाडला एकदा केलेलं राफ्टिंग. परवा त्याने फोटो पाठवला, "काका, हे घेऊन येऊ का?" भगव्या रंगाचं जाडजूड लाइफ जॅकेट, मानेमागे उशी, तारकर्लीला बोटीत बसताना देतात ना अगदी तसलं. वस्तू चांगली आहे, पण कयाकसाठी नाही, आणि का नाही ते त्याला फोनवर सांगता सांगता अर्धा तास गेला म्हणून इथे नीट लिहितोय.

इथे कॅनडात लाइफ जॅकेट आणि पीएफडी (पर्सनल फ्लोटेशन डिव्हाइस, म्हणजे अंगात घालून तरंगायचं साधन) हे कायद्यानेच दोन वेगळे प्रकार आहेत. लाइफ जॅकेटमध्ये फोम मुख्यतः छातीवर आणि मानेमागे असतो, त्यामुळे माणूस बेशुद्ध होऊन पालथा पडला तरी छातीची बाजू वर उचलली जाते आणि तो उताणा होतो, तोंड पाण्याबाहेर राहतं. पीएफडी हे करेलच याची खात्री नाही. त्यात फोम पुढे-मागे वाटलेला आणि एकूणच कमी असतो, ते तुम्हाला तरंगत ठेवतं पण तोंड वर ठेवायचं काम तुमचं. पाण्यात माणसाचं वजन जेमतेम काही किलोच भरतं, त्यामुळे पीएफडीची साधारण ७ किलोची उचल शुद्धीवर असलेल्या माणसाला पुरते.

मग पुतण्याने विचारलं की जे जास्त वाचवतं तेच का नको? प्रश्न बरोबर आहे. पण कयाकमध्ये दिवसाचे सात-आठ तास वल्हवायचं असतं, छातीवर एवढा जाड थर असला की प्रत्येक वेळी दंड त्याला घासतो, दुपारपर्यंत माणूस वैतागून ते काढतो आणि डेकवर बांधून ठेवतो, आणि बोट उलटते ती नेमकी तेव्हा. शिवाय उलटल्यावर तुम्हाला पोहायचं असतं, बोट धरायची असते, परत चढायचं असतं, हे सगळं त्या उशीसकट फार अवघड जातं.

आणि युकॉनचं पाणी जुलैतसुद्धा गार असतं, म्हणजे आपल्या नदीसारखं गार नाही, बर्फातून आलेलं गार. इकडे १-१०-१ असं शिकवतात : पहिलं १ मिनिट धाप लागते ती आवरायची, मग साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शरीर गारठून शुद्ध जायला सुमारे १ तास. त्या दहा मिनिटांनंतर बोटांनी बक्कल लागत नाही हो, पाण्यात पडल्यावर जॅकेट घालू असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्या. लेक लबार्ज हा जवळजवळ ५० किलोमीटरचा तलाव याच वाटेवर आहे, तिथे वारा सुटला की लाटा उठतात, म्हणून काठाकाठाने जायचं. कारमॅक्स गावाच्या पुढे फाइव्ह फिंगर रॅपिड्स, म्हणजे उसळत्या पाण्याचा टप्पा, खडकांच्या चार बेटांमुळे नदीचे पाच फाटे होतात आणि जायचं ते उजव्याच फाट्याने.

कमरेला बांधायची, दोरी ओढली की फुगणारी पीएफडी पण मिळते, हलकी असते म्हणून मोह होतो, पण उसळत्या पाण्यात वल्हवायला ती इथे मान्यच नाही.

आता घालून बघायचं कसं. सगळे पट्टे खालून वर आवळा, मग दुसऱ्याला खांदे धरून वर ओढायला सांगा, जॅकेट कानापर्यंत आलं तर साइज चुकला. आणि हे दुकानात उभ्याने करून थांबू नका, कयाकमध्ये बसून बघा, कारण सीटची पाठ कमरेजवळच्या फोमला खालून ढकलते आणि अख्खं जॅकेट हनुवटीला लागतं. मी पहिल्या ट्रिपला साधं बोटीचं पीएफडी नेलं होतं, तीन दिवस मान आखडून वल्हवलं. कयाकच्या पीएफडीत पाठीचा फोम वरच असतो, खाली नुसती जाळी, बगला मोठ्या कापलेल्या. शिट्टी पुढच्या बाजूला अडकवून ठेवा. आणि कॅम्पवर त्याची उशी-आसन करू नका, फोम दबला की उचल कमी होते.

मोटरबोटीत नुसतं बसून जायचं असेल, पोहता येत नसेल, किनारा लांब असेल तर मात्र मी ते भगवंच घालीन, लहान मुलांना तर तेच. पुतण्याला म्हटलं ते तिकडेच राहू दे, व्हाइटहॉर्सला कयाक भाड्याने घेतानाच पीएफडी पण मिळतं, आतलं लेबल वाचू, आणि हो, सीटवर बसून बघितल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही.