तेल हलकं म्हणून पाण्यावर पसरतं?

नाही. हलकेपणामुळे तेल तरंगतं, एवढंच खरं. पसरणं ठरतं पृष्ठताणावर, म्हणजे द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा आक्रसू पाहतो त्या ओढीवर: पाण्याचा ताण हा तेलाचा स्वतःचा ताण आणि तेल-पाण्याच्या सीमेवरचा ताण यांच्या बेरजेपेक्षा जास्त हवा.

बेंझिन या पाण्यापेक्षा हलक्या, तेलासारख्या द्रवाचंच पाहा (घरी करू नका, ते कर्करोगकारक आहे). स्वच्छ पाण्यावर त्याचा थेंब झपाट्याने पसरतो. मग थोडं बेंझिन पाण्यात विरघळतं, पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ वरून ६२ मिलिन्यूटन प्रति मीटरवर उतरतो आणि पसरलेला थर आक्रसून त्याचे पुन्हा फुगीर थेंब होतात. तरंगणं मात्र सुरूच! शुद्ध पॅराफिन तेल तर स्वच्छ पाण्यावरही पसरत नाही.

म्हणूनच वर्गात साध्या तेलाने पसरण्याचा प्रयोग दाखवताना भांडं निर्मळ हवं; साबणाचा अंश राहिला तर पाण्याचा ताण उतरतो आणि खोबरेल तेलाचा थेंबही जागचा हलत नाही.