लूनच्या पिल्लांचा उन्हाळा

उत्तरेकडच्या तळ्यांवर वीण घालणाऱ्या लून या पाणपक्ष्याचे फोटो शोधायला गेलं की बहुतेक वेळा एकच दृश्य समोर येतं. काळी-पांढरी, चौकटी-चौकटींची पाठ आणि पंखाच्या आडून डोकावणारं काळपट, लोकरी पिल्लू. दृश्य आहेच देखणं. पण पिल्लू पाठीवर बसतं ते फार तर दोन-तीन आठवडे, आणि त्याला उडता यायला लागतात साधारण अकरा-बारा आठवडे. म्हणजे त्याच्या वाढीचा बराचसा काळ त्या लाडक्या फोटोच्या बाहेरच राहतो. मला विचाराल तर लूनचं कुटुंब खऱ्या अर्थानं कळतं ते या उरलेल्या आठवड्यांत. त्यासाठी एकाच गोष्टीवर नजर ठेवावी: पिल्लू आणि आईबाप यांच्यातलं अंतर. सुरुवातीला ते शून्य असतं. उन्हाळा सरून शरद लागला की आईबाप ते तळंच सोडून जातात.

लूनच्या एकूण पाच जाती. त्यांतला कॉमन लून कॅनडात आणि अमेरिकेच्या मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन, न्यू हॅम्पशायर, मेन अशा उत्तरेकडच्या राज्यांत गोड्या पाण्याच्या तळ्यांवर वीण घालतो. ग्रीनलंड आणि आइसलँडमध्येही तो घरटी करतो. मिनेसोटानं १९६१ मध्ये त्याला राज्यपक्षी केलं आणि १९८७ पासून तो कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर आहे. दिसायला बदकासारखा असला तरी बदकांशी त्याचं जवळचं नातं नाही. त्याची हाडं बहुतेक पक्ष्यांपेक्षा भरीव असतात आणि पाय शरीराच्या अगदी मागच्या टोकाला. पाण्याखाली माशाचा पाठलाग करताना हीच ठेवण कामी येते, जमिनीवर मात्र त्याला धड चालता येत नाही. म्हणून घरटं पाण्याला चिकटून, शक्यतो एखाद्या बेटाच्या काठावर असतं. धोका वाटला की घसरून थेट पाण्यात जाता यावं, एवढीच त्याची गरज.

घरट्यावरच्या पक्ष्याचे फोटो काढूच नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सहसा दोन अंडी असतात आणि नर-मादी आळीपाळीनं जवळपास चार आठवडे ती उबवतात. काही वर्षी लूनच्याच रक्तावर जगणाऱ्या काळ्या माश्या इतक्या त्रास देतात की जोडी अंडी टाकून निघून जाते. त्यात होडी जवळ आली की बसलेला पक्षी मान लांब करून डोकं पाण्यालगत खाली घालतो. ‘शांत बसलेला लून’ म्हणून मिरवले जाणारे कितीतरी फोटो खरं तर याच भेदरलेल्या पक्ष्याचे असतात. तो पाण्यात उतरला तर अंडी थंड पडतात, किंवा रॅकून आणि गल पक्ष्यांच्या तावडीत सापडतात. मान खाली गेलेली दिसली की गुपचूप मागे सरकावं.

पिल्लं साधारणपणे एका दिवसाच्या अंतरानं अंड्यातून बाहेर येतात आणि अंग वाळलं की लवकरच पाण्यात उतरतात. ती तरंगतात छान, पण त्या इवल्या अंगाला गार पाण्यात ऊब टिकवता येत नाही, आणि खालून मोठे मासे व कासवं, वरून गरुड टपलेले असतात. म्हणून पाठीचा आसरा. पिल्लू मागच्या बाजूनं येतं, पालक पंख किंचित उचलतो, ते धडपडत वर चढतं आणि पिसांत शिरतं. कधी कधी तर नुसती चोच बाहेर दिसते.

भरवण्याचा प्रसंग मात्र निवांत पाहण्यासारखा. पालक बोटभर मासा चोचीच्या टोकात आडवा धरून येतो, पण थेट घशात घालत नाही, पिल्लासमोर धरतो. पिल्लू झडप घालतं, मासा निसटतो. पालक पाण्यात डोकं खुपसून तो पुन्हा पकडतो, पुन्हा समोर धरतो. मासा डोक्याच्या बाजूनं आत गेला तरच नीट गिळता येतो, आणि ते जमेपर्यंत हाच खेळ चालतो. दोन पिल्लांचं असं एक कुटुंब पंधरा आठवड्यांत जवळपास अर्धा टन मासे फस्त करतं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. लहान तळ्यावर बहुधा एकच जोडी का दिसते, ते यावरून समजतं.

कॅमेऱ्याच्या दृष्टीनं हा पक्षी अवघड आहे. डोकं काळंभोर, छाती पांढरीशुभ्र, आणि मधे गडद तपकिरी पिल्लू. पांढऱ्याचा तपशील जळू नये म्हणून एक्स्पोजर थोडं कमी ठेवावं, सावलीतलं पिल्लू नंतर उजळता येतं. लाल डोळ्यावर ऊन पडलं नाही तर तो काळ्या डोक्यात हरवून जातो, म्हणून सकाळचं तिरकं ऊन आपल्या पाठीमागून यायला हवं. कयाकमध्ये बसलं की कॅमेरा आपोआप पाण्याच्या पातळीला येतो. लेन्स ५०० किंवा ६०० मिलिमीटरची असली तर निदान ४५-५० मीटर लांब राहूनही काम भागतं. लून बुडी मारून बहुधा मिनिटभराच्या आत वर येतो, पण कुठे ते सांगता येत नाही. अंदाज बांधून मागे वल्हवत जाण्यापेक्षा एका जागी थांबावं. थरथरत्या हसण्यासारखा आवाज आला, किंवा पक्षी पाण्यावर उभा राहून छाती पुढे काढू लागला, तर आपण फार जवळ आलो आहोत. ड्रोन तर नकोच. ज्या पिल्लाचा शत्रू आकाशातून येतो, त्याच्या डोक्यावर आपण तेच संकट उभं करतो.

पहिल्या काही आठवड्यांत भावंडांचं भांडण दिसतं, आणि ते पाहणं सोपं नसतं. आधी जन्मलेलं पिल्लू धाकट्याला टोचून मागे ढकलतं आणि खाणं आधी स्वतः घेतं. मासे भरपूर असले तर दोघंही वाढतात. कमी पडले तर धाकटं अशक्त होत जातं, कधी कधी मरतं. आईबाप मधे पडत नाहीत. शिवाय तळ्यावर हक्क सांगायला परके लूनही येतात. वॉल्टर पायपर १९९३ पासून विस्कॉन्सिनच्या लूनचा अभ्यास करत आहेत. या संशोधनातून कळलं की हे पक्षी जन्मभर एकाच जोडीदाराला धरून राहतात ही समजूत खरी नाही. जोडीदारापेक्षा ते तळ्याला चिकटून असतात, आणि तळ्यासाठी होणाऱ्या लढाईत काही नर जीवही गमावतात. परका उतरला की पिल्लं काठाजवळ जाऊन लपतात. त्या वेळी काठाशी होडी लावून आपण त्यांची लपायची जागाच अडवत नाही ना, हे पाहावं.

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास काळपट लव जाऊन फिकट तपकिरी येते, मग हळूहळू खरी पिसं. लवेमुळे आधी बूच तरंगावं तसं वर येणारं पिल्लू आता चांगली बुडी मारतं. आईबाप त्याला एकटं सोडून लांब मासेमारीला जाऊ लागतात. आठव्या आठवड्यापर्यंत बरंचसं खाणं ते स्वतः मिळवतं, तरी पालक दिसला की मान खाली घालून मागायला धावतं. एव्हाना फोटोग्राफर पांगलेले असतात, कारण करड्या, मळकट पिल्लात त्यांना गोडवा दिसत नाही. मला मात्र याच दिवसांतले फोटो मोलाचे वाटतात: चौकटीच्या एका कोपऱ्यात पालक, दुसऱ्या कोपऱ्यात पिल्लू, मधे मोकळं पाणी.

एका धोक्याबद्दल बोलायलाच हवं. पोटात अन्न दळण्यासाठी लून तळाशी असलेले खडे गिळतो, आणि त्यांत मासेमारीच्या गळाला लावलेलं शिशाचं वजन गेलं, किंवा गळासकट मासाच गिळला गेला, तर विषबाधा होते. असा एखादाच लहानसा तुकडा पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा जीव घ्यायला पुरतो. न्यू हॅम्पशायरनं अशा वजनांवर बंदी घातली ती याच कारणानं. हे मरण पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे.

जड अंगामुळे लूनला उडण्याआधी पाण्यावर लांबलचक धाव घ्यावी लागते. अकराव्या-बाराव्या आठवड्यात पिल्लांची ही तालीम सुरू होते. शरद ऋतूत आधी आईबाप समुद्राकडे निघून जातात आणि पिल्लं मागे राहतात. काही आठवड्यांनी, तळं गोठण्याच्या आत, तीही कोणी वाट न दाखवता निघतात. पुढची दोन-तीन वर्षं ती समुद्रावरच काढतात, आणि पहिली वीण घालायला सहसा पाच-सहा वर्षांची व्हावी लागतात. मिशिगनच्या सेनी अभयारण्यात १९८७ मध्ये पिल्लू असताना पायात ओळखीची रंगीत कडी घातलेला एक नर तीस वर्षांनंतरही तिथेच ओळखला जात होता. लून पाय हवेत हलवतो किंवा पंख झटकत पाण्यावर उंच होतो, तेव्हा ही कडी क्षणभर दिसतात. त्यांचे रंग आणि क्रम स्पष्ट आलेला फोटो, तारीख आणि तळ्याचं नाव लिहून, त्या भागातल्या लून अभ्यासकांकडे पाठवावा. तो पक्षी कोणत्या तळ्यावर जन्मला आणि तिथून किती दूर येऊन स्थिरावला, हे त्यांना त्यावरून सांगता येतं.