बीफ, मिथेन आणि 'मोठ्याचं' : आकडे नक्की कुठल्या जनावराचे?

पर्यावरणासाठी मांस सोडा, निदान बीफ तरी सोडा, हे आता पुण्यात कॉलेजच्या कट्ट्यापासून सोसायटीच्या ग्रुपपर्यंत सगळीकडे ऐकू येतं आणि सोबत तेच दोन-तीन आकडे फिरत असतात. गुरं रवंथ करतात, त्यांच्या पोटात मिथेन हा हवा तापवणारा वायू तयार होतो आणि ढेकरांतून बाहेर पडतो हे सगळ्यांना माहितीये, त्यात जात नाही. पण ते आकडे कुठल्या गुरांचे आणि आपल्याकडे बीफ म्हणजे काय, याचा मोठा गुंता झालाय.

जुना भाग थोडक्यात. १८६५ ला शिकागोत गुरांचं प्रचंड आवार सुरू झालं, पुढे बर्फाने गार ठेवलेले रेल्वेचे डबे आले आणि जनावर एका जागी कापून मांस लांबलांब विकता यायला लागलं. आज ज्याला इंडस्ट्रियल बीफ म्हणतात ते मात्र खरं दुसऱ्या महायुद्धानंतरचं. रासायनिक खतांमुळे मका भरमसाठ पिकायला लागला, स्वस्त झाला, मग कुरणात वाढलेलं जनावर शेवटचे चार-सहा महिने फीडलॉटमध्ये, म्हणजे हजारो गुरं दाटीने ठेवलेल्या उघड्या आवारात, मक्यावर पोसायचं अशी पद्धत बसली. ब्राझीलमध्ये प्रश्न जमिनीचा, ॲमेझॉनचं जंगल तुटलं त्यातली सगळ्यात जास्त जमीन गुरांच्या कुरणांकडे गेली.

आकड्यांची गोष्ट सुरू होते २००६ ला. एका आंतरराष्ट्रीय अहवालात आलं की जगातल्या हरितगृह वायूंपैकी १८ टक्के पशुपालनातून येतात, म्हणजे सगळ्या वाहतुकीपेक्षा जास्त. ही वाहतुकीशी केलेली तुलनाच जगभर गाजली आणि नेमकी तीच कच्ची होती, कारण गुरांच्या बाजूला जंगलतोडीपासून चाऱ्याच्या खतापर्यंत सगळं धरलं होतं आणि गाड्यांच्या बाजूला फक्त जळालेलं इंधन. अहवाल लिहिणाऱ्यांपैकी एकाने नंतर ते मान्यही केलं. २०१३ ला सुधारित आकडा १४.५ टक्के आला, २०२३ ला साधारण १२. दरवेळी मोजायची पद्धत आणि वर्ष बदललंय, त्यामुळे प्रदूषण घटलं असा याचा अर्थ काढू नका. पाण्याचंही तसंच, किलोभर बीफला १५,४०० लिटर हा आकडा खरा आहे पण त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी कुरणावर आणि चाऱ्यावर पडलेला पाऊस आहे, नळाचं किंवा धरणाचं नाही.

आता आपल्याकडचं, आणि इथे मला जरा थांबायचंय. पुण्याच्या कॅम्पात शिवाजी मार्केटच्या बाजूला कुणी 'मोठ्याचं', म्हणजे मोठ्या जनावराचं मांस, मागितलं तर आज त्याचा अर्थ म्हशीचं किंवा रेड्याचं. हॉटेलच्या मेनूवर बीफ लिहिलेलं असतं तेही तेच. आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या तक्त्यांत म्हशीचं मांसही बीफमध्येच मोजतात, म्हणून २०१४ च्या आसपास भारत ब्राझीलच्या बरोबरीने बीफ निर्यातीत सगळ्यात वर दिसायला लागला आणि इथे लोक चक्रावले, गोहत्याबंदीच्या देशातून हे जातं कसं? गायबैलाचं मांस निर्यात करायला बंदीच आहे, जातं ते म्हशीचं. एकच शब्द, पण व्यापारात त्याचा अर्थ एक, कायद्यात दुसरा आणि भांडणात तिसरा.

कायद्याचं म्हणाल तर राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानेच बंदी होती, बैल मात्र निरुपयोगी असल्याचा दाखला मिळाला तर कापता यायचा. बैलांनाही बंदीत आणणारी दुरुस्ती विधिमंडळात १९९५ ला झाली आणि राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली थेट २०१५ ला, वीस वर्षांनी. २०१६ ला उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली, फक्त परराज्यातून आलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा राहिला नाही. या बंदीला आता काहीजण पर्यावरणाचा निर्णय म्हणून मिरवतात ते मला अजिबात पटत नाही. बैलाचं बंद झाल्यावर कॅम्पातलं गिऱ्हाईक म्हशीच्या मांसाकडे वळलं आणि म्हैसही रवंथच करते.

पर्यावरणाचा मुद्दा कोर्टात आला होता, पण तो चाऱ्याच्या रूपाने, आणि त्यावर दोन उलटे निकाल आहेत. १९५८ ला सर्वोच्च न्यायालयाने गाईवरची बंदी मान्य केली पण काम न देणाऱ्या बैलांवरची संपूर्ण बंदी अवाजवी ठरवली, कारण आधीच अपुरा असलेला चारा भाकड जनावरं खातात आणि कामाची उपाशी राहतात. २००५ ला गुजरातच्या कायद्यावर निकाल देताना त्याच न्यायालयाने हे फिरवलं, म्हातारा बैलही शेण देतो, शेणातून खत आणि गॅस मिळतो, चाऱ्याची टंचाईही पहिल्यासारखी राहिलेली नाही असं धरलं. मला शेणाचा मुद्दा पटतो, चाऱ्याचा नाही. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळात या राज्यात सरकारी पैशाने चारा छावण्या चालवाव्या लागल्या, तिथे उसाच्या वाढ्यांवर गुरं जगवली गेली हे लोकांनी डोळ्यांनी बघितलंय.

पण आपल्याकडे फीडलॉट नाहीत म्हणून आपला प्रश्नच नाही असं म्हणणाऱ्यांचंही पटत नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींवर गायबैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी होत्या. २०२१ ला ग्लासगोत शंभरावर देशांनी २०३० पर्यंत जगाचा मिथेन ३० टक्क्यांनी कमी करायचा संकल्प केला, भारताने सही केली नाही, कारण आपला मिथेन येतो छोट्या शेतकऱ्याच्या गोठ्यातून आणि भातखाचरातून, आणि तो कमी करायचा तर त्याच्या पोटावर येईल असं सरकारचं म्हणणं.

तो गोठा आहे दुधाचा. पुण्यापासून तासाभरावर उरुळी कांचनला १९६० च्या दशकाच्या शेवटी संकराचं काम उभं राहिलं, जर्सी आणि होल्स्टिनचं रेतन गावागावात पोचलं आणि गाईमागे दूध कितीतरी पटीने वाढलं, साहजिकच लिटरमागे मिथेन कमी झाला. त्यातून होणारा गोऱ्हा मात्र खिल्लारासारखा औताला चालत नाही, उन्हात दमतो, ट्रॅक्टर आल्यापासून तर त्याला कुणी विचारत नाही. २०१८ च्या ११९ देशांच्या एका अभ्यासात फक्त मांसासाठी पाळलेल्या गुरांच्या १०० ग्रॅम प्रथिनामागे सरासरी ५० किलो कार्बन डायऑक्साइडइतके हरितगृह वायू निघाले, दुधाच्या कळपातून आलेल्या मांसामागे १७ च, कारण उरलेला वाटा दुधावर टाकला जातो. आपल्या गोऱ्ह्याचं मांस कायद्याने होतच नाही, तो विकला जात नाही, पोसला तर चारा खातो, सोडला तर हायवेवर बसतो, आणि तो जगेल तितकी वर्षं त्याचा सगळा मिथेन सकाळच्या दुधाच्या पिशवीच्याच खात्यात जातो.